कपाटामागची पहाट

पांढरा हा एकच रंग आहे असे समजणाऱ्यांची छटामास्तरांना मनापासून कीव येत असे. त्यांच्या लेखी पांढरा ही एक मोठी वस्ती होती. तिथे दुधाचा पांढरा राहत होता, चुन्याचा राहत होता, शिंपल्याच्या आतल्या अंगाचा राहत होता, नुकत्याच वाळत घातलेल्या चादरीचा आणि विसरून दोरीवरच राहिलेल्या चादरीचाही राहत होता. आणि शेजाऱ्यांचे असते तसे त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नव्हते. रंगांच्या दुकानाच्या मागच्या भागात, डब्यांच्या उतरंडीआड मास्तर उभे असत आणि गिऱ्हाइके त्यांच्यापुढे नाना वस्तू आणून ठेवत. कोटाचे बटण, भिंतीचा टवका, फुटलेल्या कपाचा तुकडा. एका बाईने तर एकदा आपले मांजरच आणले होते. तिला त्या रंगाचा दरवाजा हवा होता. मास्तरांनी मांजराकडे डोळे बारीक करून पाहिले, मांजराने मास्तरांकडे पाहिले, आणि मग थेंबाथेंबाने, ढवळत, कागदावर बोटाने ओढून फुंकरीने वाळवत त्यांनी असा रंग जुळवला की पुढे ते मांजर दाराशी बसले म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फक्त दोन डोळे दिसत.

दुकानाच्या मालकांनी अलीकडे रंग ओळखणारे एक यंत्र आणले होते.

"मास्तर, नुसतं भिंतीला टेकवलं की कुठला रंग ते सांगतं."

"सांगू दे की. माझा मेव्हणाही न विचारता सगळं सांगतो. म्हणून मी त्याला दुकानात आणून बसवलं का?"

"अहो, पण चुकत नाही ते!"

"त्याला डोळा आहे, मालक. नजर नाही."

नजर मास्तरांकडे होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता. माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान असला की तो ती गोष्ट घरी आल्यावर चपलांबरोबर दाराशी काढून ठेवतो, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

घर वरच्या मजल्यावर होते. लिफ्ट नाही, पण खिडक्या मोठ्या आणि हवा भरपूर. बैठकीच्या खोलीतली एक खिडकी मास्तरांची खाजगी मालमत्ता होती. सकाळचा चहा, रात्रीचे जेवण, आणि मधला प्रत्येक मोठा किंवा छोटा विचार त्या खिडकीत सिगरेटच्या टोकाशी संपत असे. कठड्यावर कोपर टेकवायचे, ओठ उजवीकडे मुडपायचे आणि धूर बाहेरच्या आकाशाला अर्पण करायचा, ही पद्धत त्यांनी लग्नानंतर लगेच, बायकोच्या पहिल्या खोकल्याला मान देऊन स्वीकारली होती. गाडीतही तेच. काच खाली, हात बाहेर. आपण ओढतो, पण शिस्तीने ओढतो, असे त्यांचे स्वतःविषयीचे मत होते.

त्या मताला पहिला टवका एका फोनने उडाला.

"बाबा, स्पीकर चालू करा. आईलाही ऐकू दे," लेक म्हणाली.

"तिला स्पीकर कशाला? तिला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं."

"म्हणून तर आपल्याला टीव्ही विकत घ्यावा लागला नाही, पलीकडच्यांचाच पुरतो," स्वयंपाकघरातून उत्तर आले, आणि मागोमाग पदराला हात पुसत मास्तरीणबाई येऊन बसल्या.

लेकीची बदली याच गावातल्या शाखेत होणार होती, वर्षभरासाठी. जावई तिकडेच राहणार होते. लेक आणि तिची पाच महिन्यांची मुलगी मात्र इथे, या घरात. त्या मुलीला अजून न बघताच आजोबांनी फोटोतल्या गालांवरून 'ठमी' हे नाव बहाल केले होते आणि तिच्या आईवडिलांनी ठेवलेले खरे नाव आता कागदोपत्रीच उरले होते. मास्तरांनी मनातल्या मनात पाळण्याची जागासुद्धा ठरवली होती.

"ठमीची छाती परत भरली होती," लेक म्हणाली. "घरघर ऐकूनच जीव जायची पाळी. आता बरी आहे. पण डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी ओढतं का. म्हटलं, आमच्याकडे नाही. तर म्हणाले, जिथं राहायला जाणार आहात तिथं?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार! बाबा खिडकीत ओढतात, म्हटलं."

"बरोबर. खिडकीत. म्हणजे बाहेर."

"डॉक्टर हसले, बाबा."

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"म्हणाले, धूर खिडकीला विचारून बाहेर जात नाही. त्याला जावंसं वाटलं तर जातो, नाही तर आत फिरतो. दारं लावा, पंखा लावा, तो फिरतोच. एवढ्याशा बाळाच्या श्वासाच्या वाटा आधीच अरुंद. त्यातून आपण एक श्वास घेतो तेवढ्यात बाळं दोन-तीन घेतात. मग ओढलं आजोबांनी तरी पोटभर जातं नातीच्या छातीत."

"गाडीत तर मी काच खाली करतो."

"गाडीत आणखी वाईट. तुमच्या काचेतून वारा आत येतो आणि धूर मागं ढकलतो. आणि मागं कोण बसणार?"

मागे कोण बसणार, हे त्यांनी मनात ठरवलेल्या चित्रांपैकी सगळ्यांत आवडते चित्र होते.

"मी पुढच्या महिन्यात एक दिवस येते," लेकीचा आवाज खाली आला. "संध्याकाळचं परतीचं तिकीट काढून ठेवते. घर बघते, गाडी बघते. मन धजलं तर राहीन. नाही धजलं तर ऑफिसजवळ खोली घेईन आणि पाळणाघर शोधीन. रागावू नका हं."

"मी कशाला रागावू?" मास्तर रागावून म्हणाले.

"आणि बाबा, माझी खोली तशीच आहे ना? तो साईसारखा रंग? ठमीला मला त्याच रंगात झोपवायचंय. डोळे मिटले की मला अजून तोच दिसतो."

हे शेवटचे वाक्य मास्तरांनी झेलले. बाकीच्या बोलण्यात त्यांना करता येण्यासारखे काही नव्हते. रंगाच्या बाबतीत मात्र होते.

"खोली रंगवून काढतो," फोन ठेवल्यावर त्यांनी जाहीर केले. "तोच रंग, पण नवा कोरा. आली की बघतच राहील."

"ती धुराबद्दल बोलली. रंगाबद्दल तिची तक्रार नव्हती."

"अगं, खोली उजळ दिसली की बाकीचं विसरेल ती."

"विसरायची खोड तुमच्या घराण्यातली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पोरगी माझ्यावर गेलीय."

मास्तरांनी खोलीच्या भिंतीचा एक टवका, दिव्याच्या बटणाशेजारचा, नखाने अलगद काढला आणि कागदाच्या पुडीत दुकानात नेला. यंत्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. पांढऱ्याच्या डब्यात पिवळ्याचे थेंब, मातकट तांबड्याचा एक, काळ्याचा तर नुसता निःश्वास. ढवळताना त्यांना लेक दिसत होती: पलंगावर पालथी पडून पाय हवेत हलवत वाचणारी, आणि तिच्या मागे ही साय. संध्याकाळपर्यंत टवका ओल्या रंगावर ठेवला की नाहीसा होऊ लागला. मालकांनी चोरून यंत्र लावून पाहिले. यंत्र आणि मास्तर यांच्यात काडीचाही मतभेद नव्हता.

सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी दरवाज्याकडची भिंत रंगवली, दुपारपर्यंत दोन हात दिले. भिंत वाळली आणि शेजारच्या जुन्या भिंतीला अशी मिळून गेली की सांधा कुठे आहे ते त्यांचे त्यांनाच शोधावे लागले. या आनंदात ते एकदा खिडकीशी जाऊन आले.

मग राहिली लोखंडी कपाटाची भिंत. हे कपाट लेकीच्या जन्माच्या आधी, खोली पहिल्यांदा रंगवली त्याच आठवड्यात आले होते आणि जागेवर बसले ते बसलेच.

"ढकला की तिकडून!"

"ढकलतोच आहे."

"मग हलत का नाही?"

"कारण तूही इकडंच ढकलते आहेस."

शेवटी दोघे एका बाजूला आले, कपाटाने फरशीवर एक दीर्घ किंकाळी फोडली आणि ते सरकले. मास्तर घाम पुसत मागे झाले, भिंतीकडे वळले आणि पुसायचे थांबले.

कपाटाच्या मागे पहाट उभी होती.

कपाटाच्याच मापाची, उंच, निरुंद, कडा आखून कापल्यासारख्या. अगदी फिकी निळी. सूर्य अजून यायचा आहे, पण आकाशाला त्याची कुणकुण लागली आहे अशा वेळची निळी, तिच्या तळाशी हिरव्याचा एखादाच थेंब. तिच्या चहूबाजूंनी साईची भिंत एखाद्या जुन्या, मळक्या चौकटीसारखी वाटत होती.

"अहो," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "हा तर तुमचा 'पहाट'!"

मास्तरांना तेव्हा कुठे आठवले. बायकोचे दिवस भरत आले होते, आणि त्यांनी दुकानात बसून येणाऱ्या बाळासाठी हा रंग केला होता. पुन्हा कधीच कुणाला करून दिला नव्हता. त्याचे नावसुद्धा त्यांनीच ठेवले होते. चाळीस पांढरे ओळखणाऱ्या माणसाने आपलाच निळा डोळ्यांदेखत पिवळा होऊ दिला होता, आणि तो इतक्या सावकाश झाला होता की रोज पाहणाऱ्या नजरेला रोज तो कालच्यासारखाच दिसला होता.

मास्तरीणबाईंनी एकदा निळ्याकडे पाहिले, एकदा नुकत्याच रंगवलेल्या भिंतीकडे पाहिले, आणि त्यांना हसू फुटले. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग त्या पलंगावर बसल्या.

"अहो छटामास्तर! तुम्ही धूर जुळवलात! थेंबाथेंबानं! दोन हात दिलेत!"

"उन्हानं उडाला असेल निळा," मास्तर म्हणाले.

"या खोलीत ऊन कुठं येतं?"

"मग फोडणीचा धूर."

"माझ्या फोडणीनं आधी माझं स्वयंपाकघर सोडून इथं यायचं? आणि माझी फोडणी पिवळी असते होय?"

मास्तरांनी आणखी वाद घातला नाही. कारागिराला कारण हवे असते आणि कारण भिंतीत असते. त्यांनी फडके साबणाच्या पाण्यात बुडवून पिळले आणि जुन्या भिंतीवर एकदा, खांद्याच्या उंचीवर, आडवे फिरवले. भिंतीवर निळसर पट्टा उमटला. फडके तपकिरी झाले. मास्तरांनी ते नाकाशी नेले, आणि नेले ते तिथेच राहिले.

मास्तरीणबाईंचे हसू आता ओसरले होते. त्या इकडेतिकडे पाहत होत्या: दाराकडे, दारापलीकडच्या बैठकीकडे, तिच्या टोकाच्या खिडकीकडे.

"पण या खोलीत," त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी ओढली नाहीत. एकदासुद्धा नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. "एकदासुद्धा नाही."

दर हिवाळ्यात लेक या पलंगावर खोकत असे. हिला बदलती हवा सोसत नाही, असे दोघे म्हणत, काढा देत, कान बांधत. हवा बदलत होती हे त्यांचे निदान अचूक होते. ती कोण बदलत होते, एवढाच प्रश्न कुणी खिडकीकडे तोंड करून विचारला नव्हता.

माणूस मोठा असो की छोटा, त्याचा पहिला विचार झाकण्याचाच असतो. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी 'पहाट' नव्याने मिसळला आणि चारही भिंतींवर चढवला. मनातल्या मनात त्यांनी स्वतःची सजाही हलकी करून घेतली होती: खोलीचे दार बंद ठेवायचे, फटीला टॉवेल लावायचा, आणि खिडकीत उभे राहून ओठ आणखी थोडे मुडपायचे. भिंती दोन दिवस सुरेख दिसल्या. तिसऱ्या दिवशी निळ्यातून फिकट तपकिरी ठिपके वर येऊ लागले, मग त्या ठिपक्यांना शेपट्या फुटल्या, आणि आठवडा सरता सरता पहाट रडून उठल्यासारखी दिसू लागली.

मास्तरीणबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"गिऱ्हाईक असं तोंड घेऊन आलं तर तुम्ही त्याला काय सांगता?"

"सांगतो, डाग वर आला म्हणजे भिंत नीट धुतली नाही. आधी धुवा, मग डाग दाबणारं अस्तर द्या, मग रंग."

"एवढंच?"

एवढेच नव्हते. एक वाक्य ते सगळ्यांच्या आधी सांगत, आणि इतके ठासून सांगत की दुकानात त्यांची नक्कल करणारे सुद्धा त्याच वाक्याने सुरुवात करत.

"आधी गळती बंद करा," ते पुटपुटले. "गळती चालू ठेवून भिंत रंगवणं म्हणजे रंगाचा अपमान."

"ऐकू आलं नाही."

"तुला भिंतीपलीकडचं ऐकू येतं!"

"हो, पण हे मला अलीकडचं ऐकायचंय."

मास्तर फडके आणि बादली घेऊन तडक खाली गेले. रागावले आहेत असे बायकोला वाटावे ही त्यांची इच्छा होती. ते खरे तर घाबरले होते. गाडी त्यांनी लेक पहिलीत असताना घेतली होती आणि आजवर एखाद्या जुन्या मित्रासारखी सांभाळली होती. तिच्या मागच्या सीटवर बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. चाक त्यांचे, पुढची जागा त्यांची. आज ते मागे बसले, जिथे ठमीची खुर्ची बांधायची होती तिथे. डोक्यावरचे, छताचे कापड पाहिले. त्याचा रंग तर त्यांना पाठच होता. मग मागच्या काचेवर आतून फडके फिरवले आणि उन्हात धरले. साय.

या काचेवर लेक बोटाने चित्रे काढायची. सूर्य, घर, मिशीवाले मांजर. मास्तर आरशात बघून म्हणायचे, "झाली का काच धुरकट करून?" आणि ती म्हणायची, "काच आधीच धुरकट आहे बाबा, म्हणून तर चित्र उमटतं!" दमट हवेत काचा धुरकटतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण लेक ती चित्रे भर उन्हात काढायची. धुरकट. हा शब्द मास्तर आयुष्यभर काचांना, आठवणींना, जुन्या आरशांना लावत आले होते, आणि त्याच्या पोटातला धूर त्यांना एकदाही दिसला नव्हता.

ते बराच वेळ तिथे, मागे बसून राहिले. मग खिशातले सिगरेटचे पाकीट काढले, त्याच्याकडे पाहिले, परत खिशात घातले, गाडीतून उतरले, दार लावले, गाडीपासून चांगले लांब चालत गेले आणि तिथे उभे राहून एक ओढली. ती घर आणि गाडी, दोन्हींच्या बाहेरची पहिली. चवीला ती आतल्यासारखीच होती. उभे राहायला मात्र फार एकटे वाटले.

त्या दिवसापासून मास्तरांची हद्दपारी सुरू झाली. कायदा मास्तरीणबाईंनी केला आणि त्यात पळवाट ठेवली नाही. घरात नाही, गाडीत नाही, जिन्यातही नाही. ओढायची झाली तर खाली, रस्त्याच्या पलीकडे. अंगात एक जुना कोट, जो दाराबाहेरच्या खिळ्यावर टांगलेला असेल आणि ज्याला घरात प्रवेश नसेल. वर आले की हाततोंड धुणे. शेजारच्या बाईंनी विचारले, "मास्तर, दिवसातून इतक्या वेळा खाली का जाता?" तर मास्तरीणबाईंनीच उत्तर दिले, "डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत."

ही थाप सोडून बाकीचा परिणाम खरा निघाला. खिडकी चार पावलांवर होती तेव्हा प्रत्येक विचाराला सिगरेट लागत होती; रस्ता इतके जिने खाली गेल्यावर बरेच विचार त्याविना पुरे होऊ लागले. चहानंतर मास्तर उठत, दारापर्यंत जात, गुडघ्यांशी सल्लामसलत करत आणि परत येऊन बसत. कधी चिडत, कधी सुपारी चघळावी तशी लवंग चघळत, एकदा तर कोटाशीच भांडले. शेवटी ते स्वतःहून दवाखान्यात गेले आणि 'हे सुटायला काही मदत मिळते का' असे इतक्या हळू आवाजात विचारले की डॉक्टरांना दोनदा विचारावे लागले. मदत मिळत होती. आकडा रोज थोडा थोडा उतरत गेला. मास्तर तो कुणाला सांगत नसत, पण कोटाच्या वासावरून मास्तरीणबाईंना तो कळत असे.

दरम्यान दोघांनी मिळून घर धुतले. आधी बैठक, मग नवा थर खरवडून खोली, खालून वर, कारण वरून खाली धुतले की ओघळ उठतात. बादल्यांवर बादल्या तपकिरी झाल्या. मग डाग दाबणारे अस्तर, मग वास न येणारा रंग, आणि मग पंधरा दिवस सताड उघडी दारे-खिडक्या, कारण नव्या रंगाचा उग्रपणाही बाळाला नको. खिडक्यांना आपले मूळ काम इतक्या वर्षांनी परत मिळाले होते.

दुकानात साय-रंगाचा उरलेला डबा होता. मालकांना काही वाया जाऊ देणे जमत नसे; त्यांनी तो समोरच मांडला. नवे घर घेतलेले एक जोडपे आले आणि त्या डब्यापाशीच थांबले.

"हाच!" बायको म्हणाली. "किती उबदार आहे! काय नाव याचं?"

"तो विकायचा नाही," मास्तर म्हणाले.

"मास्तर," मालक दात न उघडता म्हणाले, "गिऱ्हाईक मागतंय."

"त्यांना तो विकत घ्यायची गरज नाही, मालक. फुकट होतो तो. घरात एक ओढणारा माणूस ठेवायचा, खिडकीत उभा करायचा आणि वीस-पंचवीस वर्षं वाट बघायची. पार आतल्या खोलीपर्यंत एकसारखा लागतो. ब्रशच्या रेघा नाहीत, काही नाही. फक्त घरातल्या पोरांच्या छातीवरही तोच लागतो, आणि तिथं आपलं फडकं पोचत नाही."

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने सदऱ्याच्या वरच्या खिशातली वस्तू सावकाश पँटच्या खिशात हलवली. दोघांनी शिंपल्याचा पांढरा नेला.

लेक आली त्या दिवशी मास्तर बायकोसह स्टेशनवर वेळेच्या कितीतरी आधी पोचले होते. ठमी फोटोपेक्षा गोल होती. लेकीने गाडीचे मागचे दार उघडले, आत डोके घातले आणि दूध नासले आहे का हे बघताना तिची आई करते अगदी तसे नाक केले. तिने ठमीला खुर्चीत बांधले आणि शेजारी बसली. मास्तरीणबाई पुढे बसल्या आणि पूर्ण वेळ मागेच बघत राहिल्या.

अर्ध्या वाटेत मास्तरांना आरशात दिसले, की लेकीचे बोट आपोआप मागच्या काचेकडे गेले आहे. ते फिरले, गोल फिरले, आणि थांबले.

"बाबा, इथं चित्रं उमटायची ना?"

"आता उमटत नाहीत."

"का?"

"काच धुतली."

"इतकी वर्षं धुतली नव्हतीत?"

"बाहेरून धुवत होतो," मास्तर म्हणाले.

लेकीने आपल्या बोटाकडे पाहिले आणि ते हळूच पदराला पुसले, पुसण्यासारखे काही नसताना.

घरात शिरल्यावर ती पाहुण्यासारखी उभी राहिली. ठमी आजीच्या कडेवर. लेक बैठकीतून फिरली, पडद्याचा वास घेतला, खिडकीशी गेली, जिथे आता राखेच्या ताटलीऐवजी एक रोपटे होते. मग आपल्या खोलीचे दार ढकलले आणि उंबऱ्यातच थांबली.

"हा माझा रंग नाही, बाबा."

मास्तर इतके दिवस याच वाक्याला भीत होते. एक सोपे उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होते: तो रंग आता मिळत नाही. दुकानदार ते दिवसातून दहा वेळा देतो.

"हाच तुझा रंग," ते म्हणाले. "तुझ्यासाठी केलेला. तू यायच्या आधी."

"माझी खोली साईसारखी होती. मी विसरेन का?"

"ये इकडं."

कपाट आता चाकांवर होते आणि जुनी जागा सोडून पलंगाच्या उशाकडच्या भिंतीशी आले होते. मास्तरांनी ते एका हाताने सरकवले. मागे, सगळ्या निळ्याच्या मधोमध, हाताच्या पंजाएवढा साईचा एक तुकडा त्यांनी वरचा नवा थर अलगद सोलून मुद्दाम न धुता ठेवला होता, त्यावर पारदर्शक लेप देऊन, म्हणजे ना तो बाहेर येईल ना कुणाच्या हाताला लागेल.

"हा बघ. हा रंग मी कधीच लावला नव्हता. मी तिकडं खिडकीत उभा राहून बाहेर सोडत होतो, आणि तो इकडं येत होता. दार लावलेलं असतानाही. तुझ्या डोक्याशी."

लेक त्या तुकड्याकडे पाहत राहिली. "म्हणजे डोळे मिटल्यावर मला जो दिसतो..."

"तो मी," मास्तर म्हणाले.

दाराशी मास्तरीणबाई ठमीला थोपटत होत्या आणि थोपटण्याचा वेग आपोआप वाढला होता. त्याच क्षणी ठमी शिंकली. तिन्ही मोठी माणसे दगड झाली. तिने डोळे मोठे केले, आपल्याच शिंकेचा विचार केला, पुन्हा एकदा शिंकली आणि स्वतःवर खूश होऊन बोळके पसरले.

"माझी पावडर," मास्तरीणबाई घाईघाईने म्हणाल्या. "माझ्या गळ्याला नाक घासलंय तिनं. उद्यापासून पावडर बंद!"

"आई, तुझी पावडर पण त्या कोटाशेजारी बाहेर जाणार का आता?" लेक म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, कारण दाराबाहेरच्या खिळ्यावरचे ते ध्यान तिने येतानाच पाहिले होते. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या असल्यामुळे कुठली कशासाठी हे मास्तरांना कळले नाही.

"नाव काय ठेवलं होतं या निळ्याचं?"

"पहाट."

"वा! म्हणजे मी इतकी वर्षं पहाटेत झोपले आणि मला ती कधी दिसलीच नाही."

"कपाट मध्ये आलं," मास्तर म्हणाले.

लेक पलंगावर बसली. मग उताणी झाली. डोळे मिटून तिने एक लांब श्वास आत घेतला, थांबवला, सोडला. मास्तर तो श्वास उभ्याने ऐकत होते. आयुष्यात एवढे लक्ष देऊन त्यांनी कुणाचा श्वास ऐकला नव्हता. मग तिने डोळे न उघडताच पर्समधून फोन काढून नवऱ्याला लावला.

"हां, ऐक. संध्याकाळचं तिकीट रद्द कर. हो, राहतेय. नाही, वास नाही... शिंकली, पण ती आईची पावडर... अरे, घर कसलं, दवाखाना झालाय नुसता. सामान पाठव. आणि ऐक, ठमीची ती पिवळी चादर नको पाठवू. निळी पाठव."

जेवणे झाली. चहा झाला. मास्तरांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि ते उठले. दाराशी कोट वाट पाहत होता. जाता जाता त्यांनी नातीच्या तळहातावर एक बोट टेकवून पाहिले, नुसते रंग पाहावा तसे. कारण इतका नवा गुलाबी त्यांनी आजवर डब्यात केला नव्हता. ठमीने बोट पकडले. लहान मुले पकडतात तसे पकडले, म्हणजे परत द्यायचा विचार नसल्यासारखे.

"जा की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सोडवून देऊ?"

"असू दे," म्हणून मास्तर पलंगाच्या कडेवर टेकले. "जिना काही पळून जात नाही."